पुण्यात लहान पिकअप घेताना: हौदा, वजन आणि रस्ता यांचा हिशेब

पहिलीच मालवाहू गाडी घेणारा माणूस बहुतेक वेळा किंमत आणि मासिक हप्ता या दोन आकड्यांवर निर्णय घेतो. पुण्याच्या आसपास भाजीपाला, रोपे, प्लायवूड, हार्डवेअर किंवा केटरिंगचे सामान वाहणाऱ्यांसाठी बाजारात इतक्या गाड्या आहेत की त्यांतली कोणती आपल्या कामाची, हे शोरूममध्ये उभे राहून ठरत नाही. घरी भाजीपाल्याच्या वाहतुकीसाठी गाडी निवडताना आम्ही हा सगळा हिशेब कागदावर मांडला आणि तो फार उपयोगी पडला, म्हणून तो क्रमाने येथे देत आहे. गाड्यांची मापे कंपन्यांनी जाहीर केलेली आहेत. मॉडेल बदलले की ती थोडीफार बदलतात, म्हणून आपण घेणार त्या मॉडेलचे माहितीपत्रक हाताशी ठेवूनच पुढचे वाचावे.

१. गाडी पाहण्याआधी माल मोजा

एक वही घ्या आणि आपण नेहमी काय नेणार, त्याच्या एका नगाची लांबी, रुंदी, उंची आणि वजन लिहून काढा. वजन अंदाजाने लिहू नका, काट्यावर करा. उरुळी कांचनच्या रोपवाटिकेतली कुंडी पाणी घालण्याआधी एक वजन दाखवते आणि पाणी घातल्यावर दुसरे, आणि गाडीत ती भरली जाते ती बहुतेक वेळा पाणी घातल्यावरच. पावसाळ्यात भिजलेल्या गोण्यांचेही तसेच असते. जे वजन जास्तीत जास्त भरेल तेच वहीत लिहावे.

त्यानंतर एका फेरीत किती नग न्यायचे आहेत, ते लिहा. येथे वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसाचा आकडा धरू नका, कारण त्या चार दिवसांसाठी भाड्याने दुसरी गाडी बोलावता येते, परंतु मोठ्या गाडीचा हप्ता मात्र बाराही महिने भरावा लागतो. नेहमीच्या दिवसाचा आकडा धरा आणि त्यात वाढीसाठी थोडी जागा ठेवा.

२. माहितीपत्रकातले तीन आकडे शोधा

पहिला आकडा हौद्याच्या, म्हणजे मागे माल भरायच्या भागाच्या, आतल्या मापाचा. टाटा एस गोल्डचा, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला छोटा हत्ती म्हणतात त्याचा, हौदा २२०० मिलिमीटर लांब आणि १४९० मिलिमीटर रुंद आहे. मारुती सुपर कॅरीचा हौदाही जवळपास तेवढाच आहे. टाटा इंट्रा व्ही १० चा हौदा २५१२ बाय १६०३, व्ही ३० चा २६९० बाय १६०७ आणि व्ही ५० चा २९६० बाय १६०७ आहे. महिंद्रा बोलेरो मॅक्स पिकअपच्या मोठ्या मॉडेलचा हौदा ३०५० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे दहा फुटांपर्यंत जातो.

दुसरा आकडा वजनाचा. एस गोल्ड पेट्रोलची भारक्षमता ७५० किलो, इंट्रा व्ही १० ची १०००, व्ही ३० ची १३००, व्ही ५० ची १५०० आणि बोलेरो मॅक्सची मॉडेलनुसार १३०० ते २००० किलो सांगितली जाते. टाटा योद्धा २.० चीही क्षमता २००० किलो आहे.

तिसरा आकडा वळणाच्या त्रिज्येचा. तो जितका लहान, तितक्या कमी जागेत गाडी वळते. एसची त्रिज्या ४.३ मीटर, व्ही १० ची ४.७५ आणि व्ही ३० ची ५.२५ मीटर. हा आकडा फारसा कोणी पाहत नाही. पेठांमध्ये माल पोहोचवणाऱ्याने मात्र तो पहिल्यांदा पाहावा.

भारक्षमतेचा आकडा वाचताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आर.सी.वर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, गाडीचे रिकामे वजन आणि भरलेले वजन असे दोन आकडे असतात आणि त्यांतला फरक म्हणजे आपली क्षमता. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे रिकाम्या वजनात चालक आणि त्याच्या मदतनिसाचे वजन धरलेले नसते. म्हणजेच पुढे बसणारी दोन माणसे, त्यांचे सुमारे १४० किलो, हे त्या फरकातूनच वजा होतात. ताडपत्री, दोरखंड, जाळी आणि आपण नंतर बसवलेला कठडासुद्धा त्यातूनच जातो. ७५० किलोच्या गाडीत मालासाठी खरे ६०० किलोच उरतात, असे धरून चालावे.

३. कॅरेट कागदावर मांडून पाहा

हे काम पाच मिनिटांचे आहे, पण गाडीची निवड खऱ्या अर्थाने येथेच होते. टोमॅटोसाठी वापरले जाणारे प्लॅस्टिकचे कॅरेट साधारण ५४० मिलिमीटर लांब, ३६० रुंद आणि २९० उंच असते आणि भरल्यावर त्याचे वजन सुमारे २२ किलो होते.

एसच्या हौद्यात लांबीच्या दिशेने चार कॅरेट बसतात, कारण चार वेळा ५४० म्हणजे २१६० आणि हौदा २२०० चा आहे. रुंदीतही चारच बसतात, कारण चार वेळा ३६० म्हणजे १४४०. एका थरात सोळा, दोन थरांत बत्तीस कॅरेट इतके चपखल बसतात की भरणारा माणूस साहजिकच दोन्ही थर पूर्ण करतो. मात्र बत्तीस कॅरेटचे वजन ७०० किलोच्या वर जाते, त्यात पुढची दोन माणसे मिळवली की ते ८४० च्या पुढे पोहोचते आणि गाडी ओव्हरलोड होते. कायद्यात राहून त्या गाडीत सत्तावीस कॅरेट न्यावेत. हौद्यात पाच कॅरेटची जागा रिकामी दिसेल, ती तशीच राहू द्यावी.

आता इंट्रा व्ही ३० घ्या. हौदा एसपेक्षा जवळजवळ अर्धा मीटर जास्त लांब आहे, म्हणून पुष्कळ जास्त कॅरेट बसतील असे वाटते. प्रत्यक्षात चार-चारची मांडणी केल्यावर मागे ५३० मिलिमीटरची पट्टी उरते, आणि पाचव्या रांगेला ५४० लागतात. दहा मिलिमीटर कमी पडतात. त्या पट्टीत कॅरेट आडवे फिरवून ठेवले तर दोन बसतात, म्हणजे एका थरात एकूण अठरा. लांबी वाढूनही प्रत्येक थरात फक्त दोन कॅरेटची भर पडली. खरा फायदा वजनात आहे. १३०० मधून दोन माणसांचे १४० वजा केल्यावर ११६० किलो उरतात, त्यात बावन्न कॅरेट जातात, आणि त्यांनी तीन थर जवळजवळ पूर्ण भरतात. एसमध्ये सत्तावीस आणि येथे बावन्न, असा हा फरक आहे.

हीच मांडणी आपल्या मालासाठी करा. सिमेंट, खत, ओल्या मातीच्या कुंड्या, फरशी असा जड माल असेल तर वजन आधी संपेल आणि हौद्यात जागा उरेल, तेव्हा लांब हौद्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. गाद्या, फोम, रिकामे खोके, बेकरीचे ट्रे असा हलका माल असेल तर जागा आधी संपेल, तेव्हा दोन टनांची गाडी घेऊन ती अर्ध्या वजनावर पळवण्यापेक्षा लांब, रुंद आणि उंच कठड्याची हलकी गाडी पाहावी. २०२५ मध्ये आलेल्या एस प्रोची क्षमताही ७५० किलोच आहे, पण हौदा साडेसहा फुटांचा आहे. त्यामुळे जड मालासाठी ती एस गोल्डच्या बरोबरीची आणि जागा खाणाऱ्या मालासाठी तिच्यापेक्षा कमी ठरते.

४. लांब माल असेल तर फाळका (हौद्याचे मागचे दार) बंद होतो का, ते तपासा

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लायवूड नेणाऱ्यांसाठी एकच कसोटी पुरेशी आहे. आठ बाय चार फुटांची शीट २४४० मिलिमीटर लांब असते. एसच्या आणि सुपर कॅरीच्या हौद्यात ती सपाट ठेवली तर सुमारे पाव मीटर बाहेर येते आणि फाळका उघडा ठेवावा लागतो. इंट्रा व्ही १० मध्ये ती आत बसते आणि फाळका लागतो. ज्याचा मुख्य धंदा प्लायवूड आणि दारांचा आहे, त्याने केवळ या कारणासाठी आठ फुटांहून मोठा हौदा निवडावा.

सहा मीटरचे पाइप आणि बारा मीटरची सळई यांतल्या कोणत्याही गाडीत सरळ बसत नाही. केबिनवरून पुढे आणि फाळक्यावरून मागे पाइप काढून नेण्याची पद्धत रोज डोळ्यांसमोर दिसते, तरी ती अनुसरू नये. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अंधारात त्या सळईचे टोक दिसत नाही, आणि जीव जातो तो त्याचा. असा माल मोठ्या गाडीनेच पाठवावा किंवा दुकानातूनच कापून घ्यावा.

दुहेरी केबिनच्या, घरगुती वापरासाठी विकल्या जाणाऱ्या पिकअपविषयीही सांगितले पाहिजे. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स दिसायला मोठ्या आहेत, पण पाच माणसांची केबिन दिल्यावर मागे सुमारे दीड मीटरचाच हौदा उरतो आणि त्यातही दोन्ही बाजूंना चाकांचे उंचवटे येतात. कुटुंबाला फिरायला आणि अधूनमधून थोडे सामान न्यायला त्या चांगल्या आहेत. रोजच्या मालवाहतुकीसाठी छोट्या हत्तीचा सपाट हौदा त्यांच्यापेक्षा जास्त सामान घेतो.

५. आपला रस्ता कोणता, ते ठरवा

रविवार पेठ, बोहरी आळी, मंडईचा परिसर येथे रोज जायचे असेल तर लहान वळणाची आणि अरुंद गाडीच कामाची. मोठी पिकअप बोळात शिरते, पण समोरून हातगाडी आली किंवा दोन्ही बाजूंना दुचाक्या लागलेल्या असल्या की मागे घेण्यातच अर्धा तास जातो. शहरात कोणत्या रस्त्यावर कोणत्या वेळी मालवाहू गाड्यांना बंदी आहे, याचे आदेश वाहतूक पोलीस वेळोवेळी काढतात आणि बदलतात, म्हणून गाडी घेण्याआधी आपल्या मार्गाचे चालू आदेश वाहतूक शाखेकडून पाहून घ्यावेत.

पुरंदरहून अंजीर किंवा सीताफळ घेऊन दिवे घाटातून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उतरणाऱ्याची, किंवा बोपदेव आणि कात्रज घाट रोज चढणाऱ्याची गरज निराळी आहे. तेथे चढासाठी इंजिनाची ओढ, म्हणजे टॉर्क, पाहावी. एस गोल्ड पेट्रोलचा टॉर्क ५५ न्यूटन मीटर आहे आणि इंट्रा व्ही ३० डिझेलचा १४०. सपाट रस्त्यावर पूर्ण भरलेली लहान गाडी आनंदाने चालते, परंतु घाटात तीच गाडी सतत खालच्या गिअरमध्ये ओढावी लागते. इंजिन तापते, क्लच लवकर झिजतो, आणि मागे वाहनांची रांग लागते.

उताराबद्दल अधिक कळकळीने लिहितो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार लांब आहे आणि तेथे झालेले अपघात पुणेकरांना ठाऊक आहेत. इंधन वाचवण्यासाठी भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि शेवटी लागेनासे होतात. ज्या गिअरमध्ये आपण घाट चढलो असतो, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा. गाडीला चालक ठेवणार असाल तर ही गोष्ट त्याला पहिल्याच दिवशी सांगा.

६. इंधन निवडताना वजन किती घटते, ते विचारा

सीएनजीचा खर्च कमी येतो हे खरे, पण टाकीचे वजन गाडीलाच वाहावे लागते. सुपर कॅरीच्या पेट्रोल मॉडेलची क्षमता ७४० किलो आहे आणि सीएनजीची ६२५. म्हणजे प्रत्येक फेरीत पाच कॅरेट कमी. दिवसातून फेऱ्या जास्त आणि माल हलका असेल तर सीएनजी परवडते, एकच जड फेरी असेल तर हिशेब पुन्हा करावा. शिवाय आपल्या मार्गावर पंप कोठे आहेत आणि तेथे रांग किती लागते, हे सकाळच्या वेळी स्वतः जाऊन पाहावे, कारण मार्केट यार्डाची वेळ चुकली की मालाचा भाव पडतो.

शहरातल्या शहरात ठरलेल्या फेऱ्या असतील तर विजेवरची गाडीही पाहण्यासारखी आहे. २०२२ मध्ये आलेल्या एस ईव्हीची क्षमता ६०० किलो होती, नंतर १००० किलोचे मॉडेल आले. रात्री गाडी जेथे उभी राहणार तेथे चार्जिंगची सोय नसेल तर मात्र तिचा विचार करू नये.

७. कायद्याच्या तीन रेषा

पहिली रेषा ३००० किलोची. भरलेले वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही. एस, सुपर कॅरी आणि इंट्रा व्ही ३० या रेषेच्या आत आहेत, तर दोन टन वाहणाऱ्या पिकअप स्वतःचे वजन धरून तिच्या बाहेर जातात. दोन गाड्यांत घोळ होत असेल तर परमिटचा हा खर्च आणि हेलपाटे हिशेबात घ्यावेत.

दुसरी रेषा ७५०० किलोची. त्या वजनापर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केले आहे. या लेखातल्या सर्व गाड्या त्यात येतात.

तिसरी रेषा ओव्हरलोडची. कलम १९४ मध्ये जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २००० रुपये दंड सांगितला आहे, आणि जादा माल तेथेच उतरवावा लागतो. हौद्याच्या बाहेर डोकावणाऱ्या मालासाठीही त्याच कलमात २०,००० रुपयांचा दंड आहे. हौद्यात माणसे बसवणे बेकायदेशीर आहे. लग्नाचे वऱ्हाड असो वा शेतावरचे मजूर, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाईचा बोजा गाडीमालकावर येतो.

८. शोरूममध्ये काय करावे

टेप घेऊन जा. एका विक्रेत्याने आम्हाला हौद्याची लांबी सांगितली ती बाहेरून मोजलेली होती. टेप लावल्यावर आतली लांबी कमी भरली. लांबी केबिनकडच्या भिंतीपासून बंद फाळक्याच्या आतल्या बाजूपर्यंत मोजा, रुंदी तळाशी मोजा आणि जमिनीपासून हौद्याच्या तळाची उंचीही मोजा. ही शेवटची उंची हमालांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. लहान चाकांच्या गाडीचा हौदा कमरेच्या खाली येतो आणि कॅरेट सहज आत जाते. मोठ्या चाकांच्या पिकअपमध्ये तेच कॅरेट छातीपर्यंत उचलावे लागते, आणि दिवसभरात त्याचा परिणाम कामाच्या वेगावर आणि माणसांच्या पाठीवर दिसतो.

चाचणीसाठी रिकामी गाडी चालवून समाधान मानू नका. पोती किंवा कॅरेट भरून चालवू देण्याची मागणी करा. ते शक्य नसेल तर ओळखीतल्या एखाद्या मालकाच्या शेजारी बसून, त्याच्या भरलेल्या गाडीतून घाट चढून या.

पाटे, म्हणजे चाकांवरचा भार पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, वाढवून देतो, मग जादा माल घालता येईल, असे सांगणारे गॅरेजवाले भेटतील. जादा पाट्याने गाडी मागून बसत नाही, एवढेच. ब्रेक, टायर आणि अ‍ॅक्सल तेच राहतात आणि आर.सी.वरचे वजनही तेच राहते.

९. कागदपत्रे

नव्या गाडीसाठी आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे आणि कर्ज घ्यायचे असल्यास बँकेचे विवरण व आयकर विवरणपत्र तयार ठेवा. व्यवसायाची उद्यम नोंदणी असेल तर तीही जोडा. नोंदणीचा अर्ज नमुना २०, विक्रीचा दाखला नमुना २१ आणि रस्तायोग्यतेचा नमुना २२ विक्रेता तयार करतो, पण त्यांच्या प्रती मागून घ्या आणि इंजिन व चासी क्रमांक स्वतः ताडून पाहा. कोटेशन नेहमी रस्त्यावर येईपर्यंतच्या पूर्ण किमतीचे घ्यावे, ज्यात कर, विमा, नोंदणी आणि कठड्याचा खर्च वेगवेगळा लिहिलेला असेल.

नव्या मालवाहू गाडीचे फिटनेस, म्हणजे रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र, दोन वर्षांचे मिळते, पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी त्याचे नूतनीकरण, म्हणजे पासिंग, करावे लागते. खेड-शिवापूरसारख्या टोलनाक्यावरून रोज जाणार असाल तर फास्टॅग योग्य वर्गाचा आहे का, ते पाहा. टाटा एससारख्या मिनी गाड्यांचा वर्ग वेगळा आणि त्याहून मोठ्या हलक्या मालवाहू गाड्यांचा वेगळा असतो, त्यामुळे टोलचा दरही बदलतो.

१०. जुनी गाडी घेत असाल तर

सर्वांत आधी ती रिकामी काट्यावर चढवा. काट्याचे वजन आर.सी.वरच्या रिकाम्या वजनापेक्षा बरेच जास्त भरले तर जादा पाटे, जाड पत्रा किंवा वाढवलेला कठडा बसवलेला आहे, आणि तेवढी क्षमता आपण आधीच गमावलेली आहे. मग गाडीखाली वाकून मागच्या पाट्यांच्या बैठकीजवळ चासीला तडा किंवा नवे वेल्डिंग आहे का, ते बॅटरीच्या उजेडात पाहा. भाजीपाला वाहिलेल्या गाडीचा हौदा तळाशी आणि कोपऱ्यांत गंजतो, म्हणून रबरी मॅट उचलायला लावा.

परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर फिटनेस, विमा, कर आणि थकलेली चलने तपासा. हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० लागतात, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ लागतो, आणि गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर नमुना २८ वरील ना-हरकत लागते. हे सगळे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

११. पहिली भरणी

जड माल केबिनच्या बाजूला आणि तळाशी, हलका माल मागे आणि वर ठेवावा. जड माल फाळक्याकडे रचला तर पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग पोकळ लागते आणि दिवे घाटासारख्या चढाच्या वळणावर गाडी हवी तशी वळत नाही. तीन थर रचले असतील तर वरचा थर कठड्याच्या वर जातो, म्हणून आधी जाळी टाकून मग दोर आवळावा, आणि पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून दोर पुन्हा ओढून घ्यावा, कारण रस्त्याच्या हादऱ्याने कॅरेट एकमेकांत बसतात आणि दोर सैल पडतो.

पहिल्या आठवड्यात निदान एकदा भरलेली गाडी काट्यावर न्या आणि ती पावती गाडीतच ठेवा. त्या दिवशी किती नग भरले होते, ते पावतीच्या मागे लिहून ठेवले की पुढे हमालाला किंवा चालकाला किती नग भरायचे, ते नेमके सांगता येते.